सातबाऱ्यातली तुटक रेष

लेटेकमध्ये कधी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला असेल, तर एक गोष्ट लगेच पटेल. समीकरणं सोपी जातात, संदर्भसूची पण जमून जाते, डोकं खातं ते टेबल! चार रकाने आणि सहा ओळींचं साधं टेबल. पण एका ओळीखालीच रेष हवी, दुसरीखाली नको, तिसरी ओळ जरा उंच हवी, आणि डावीकडचा एक चौकोन तीन ओळींवर पसरायला हवा, असं म्हटलं की रविवार गेलाच म्हणून समजा :)

गंमत अशी की नियम फार थोडे आहेत. अँपरसँड लिहिलं की रकाना संपला. दोन बॅकस्लॅश लिहिले की ओळ संपली. 'एचलाइन' लिहिलं की पूर्ण रुंदीची आडवी रेष. 'सीलाइन' लिहिलं की ठराविक रकान्यांपुरती रेष. दोन बॅकस्लॅश विसरलात, तर पुढच्या ओळीतला मजकूर मागच्याच ओळीत शिरतो, रकाने संपतात आणि प्रोग्रॅम बोंब मारतो. ही बोंब फार मोलाची आहे बरं का. कारण टेबलातली ओळ म्हणजे नुसती अक्षरांची रांग नसते. 'या गोष्टी एकमेकींच्या आहेत आणि पुढच्या ओळीतल्या नाहीत' असं एक विधान असतं ते. ओळ कुठे संपते हे कळलं नाही, तर विधानच बदलतं.

डोनाल्ड नूथ यांनी टेक लिहायला घेतलं १९७७ मध्ये. त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. जुनी खिळ्यांची छपाई जाऊन फोटो टाइपसेटिंग आलं होतं, आणि पानं त्यांना बघवेनात. मग स्वतःच प्रणाली लिहिली. १९८० च्या दशकात लेस्ली लँपोर्ट यांनी तिच्यावर लेटेक उभं केलं. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी युनिक्सच्या ट्रॉफसाठी 'टीबीएल' नावाचा खास टेबलांचा प्रोग्रॅम लिहिला होता. म्हणजे टेबल हे वेगळंच प्रकरण आहे, हे या लोकांना पहिल्यापासून माहीत होतं. खिळे जुळवणाऱ्यांना तर त्याही आधीपासून. तक्त्याच्या कामात पितळी पट्ट्या कापून, खिळ्यांच्या मधोमध बसवून रेषा आणाव्या लागत, आणि म्हणून छापखाने तक्त्याचे पैसे जास्त लावत.

टेकचा एक स्वभाव मात्र इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे तो लागणार आहे. एक मजकूर अनेक रकान्यांवर पसरवायची सोय टेकच्या गाभ्यात आहे. पण एक मजकूर अनेक *ओळींवर* पसरवायची सोय नाही. टेक ओळ आणि ओळ स्वतंत्रपणे रचतं आणि एकीखाली एक ठेवतं. त्यामुळे 'डावीकडे एकच आकडा आणि उजवीकडे त्याच्या सात ओळी' हे 'मल्टीरो' नावाच्या पॅकेजनं, थोडी चलाखी करून साधावं लागतं. आणि तुटक रेष हवी असेल, तर त्याला आणखी एक पॅकेज!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण इतिहास कुठाय? सांगतो. डावीकडे एकच आकडा आणि उजवीकडे त्याच्या सात ओळी, असं एक टेबल महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी वेळा अस्तित्वात आहे. त्याला आपण सातबारा म्हणतो.

आमचं गाव घोटी. नाशिक जिल्हा, इगतपुरी तालुका. मुंबईहून आग्रा रोडनं कसारा घाट चढलात, इगतपुरी मागे टाकलीत, की घोटी. इथून एक रस्ता सिन्नरला जातो, एक त्र्यंबकला. रेल्वे स्टेशन आहे, भाताच्या गिरण्या आहेत. पावसाळ्यात सगळीकडे खाचरंच खाचरं. कळसूबाईला निघालेली पुण्या-मुंबईची मंडळी इथेच चहाला थांबतात. पण भात पिकवणाऱ्या डोंगराळ भागाची एक गोष्ट असते. खाचरं लहान, बांध फार, आणि एका तुकड्यावर नावं भरपूर. सातबाऱ्याची ओळ म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

थोडं मागे जाऊ. कंपनी सरकारनं दख्खन घेतल्यावर जमिनीचा सारा कसा ठरवायचा हा प्रश्न आला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात केलेली मोजणी इतकी गडबडीची निघाली, की ती सोडून द्यावी लागली. मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं काम सुरू केलं. जमिनीचा प्रत्येक तुकडा मोजायचा, त्याच्या कोपऱ्यांवर दगड लावायचे, त्याला नंबर द्यायचा आणि त्या नंबरावर आकार बसवायचा. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टमध्ये ही पद्धत पक्की झाली. ३३ फुटी साखळीनं मोजणी व्हायची. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही आपण 'गुंठा' म्हणतो तो हाच.

आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे डेटाबेसला प्रायमरी की मिळाली. सर्व्हे नंबर! माणसं बदलतील, पिकं बदलतील, नंबर तोच.

पण सुरुवातीला सरकारला रस होता तो सारा कोण भरतो यात. जमिनीवर कोणाकोणाचे काय हक्क आहेत, याची रीतसर नोंदवही मुंबई इलाख्यात आली ती १९०३ च्या कायद्यानं, आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच घातली गेली. मग गावच्या दप्तराला शिस्त लावायचं काम एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्यानं केलं. महसुली हिशेबांचं त्याचं मॅन्युअल तलाठ्यांच्या पिढ्यांनी वापरलं. गावाचे नमुने १ ते २१ अशा क्रमानं ओळखले जातात. नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाच्या नावावर आणि कोणत्या अटींवर. नमुना ८अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद.

७ आणि १२ हे मुळात दोन वेगळे तक्ते. पण दोन्हींची की एकच, सर्व्हे नंबर. म्हणून दोन्ही एका कागदावर छापले गेले, वर सात, खाली बारा. चक्क जॉइन! आणि तोच डेटा खात्यानुसार गोळा केला की ८अ, म्हणजे ग्रुप बाय. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालचे १९७१ चे नियम यांच्यावर हे सगळं चालतं, पण सांगाडा तोच आहे.

आता त्या नमुना सातच्या मधल्या रकान्याकडे बघा. हस्तलिखित सातबाऱ्याच्या छापील फॉर्मवर उभे रकाने आखलेले असत. पण भोगवटादाराच्या नावाला असायचा एकच मोठा मोकळा चौकोन. त्यात ओळी आखलेल्या नाहीत! फॉर्म तयार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर एका नंबराला एक माणूस, फार तर दोन, असं चित्र असावं. त्या चौकोनात तलाठी नाव लिहायचा, शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. माणूस वारला, वारस लागले, की जुन्या नावाला कंस करायचा आणि खाली वारसांची नावं, शेजारी नवा नंबर वर्तुळात.

आणि नावं वाढतच गेली. बाप गेला की चार मुलं, दोन मुली आणि विधवा. पुढच्या पिढीत वीस. जमीन प्रत्यक्ष वाटून घेतली तरी कागदावर तुकडा वेगळा होईलच असं नाही, कारण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं ठराविक प्रमाणापेक्षा लहान तुकडा पाडायला मनाई केली. हेतू चांगला होता, शेती परवडेनाशी होऊ नये. पण परिणाम असा की बांध वेगळे, चूल वेगळी, सातबारा एकच. 'सामाईक' हा शब्द त्या चौकोनात कायमचा वस्तीला आला. कधी उलटंही व्हायचं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी तीन अक्षरं लावून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागायचं आणि बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांमागे राहायचे. एका ओळीत अख्खं घर!

त्यात सातबारा पुन्हा लिहून काढायची पद्धत होती, साधारण दर दहा वर्षांनी. फॉर्म भरला, जागा संपली, की नव्या कागदावर चालू नोंदी उतरवायच्या आणि कंसातल्या सोडून द्यायच्या. आपल्या धंद्यात याला डेटा मायग्रेशन म्हणतात, आणि ते हातानं, रात्री कंदिलाच्या उजेडात करायचं म्हणजे काय होत असेल याचा अंदाज कोणीही करू शकतो. एखादं नाव चुकून कंसातलं समजलं गेलं तर ते पुढच्या कागदावर येतच नाही. टेक निदान बोंब तरी मारतं. कागद गप्प बसतो. आणि ज्याचं नाव गेलं, त्याला ते कळतं विकायच्या किंवा कर्ज काढायच्या दिवशी.

मग कॉम्प्युटर आला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ पासूनची. महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात तहसील कचेरीतून कॉम्प्युटरवरचे सातबारे मिळायला लागले. लोकांना आनंद झाला, अक्षर तरी लागतंय! पण तो मोकळा चौकोन मात्र तसाच कॉम्प्युटरवर आला होता. नावांखाली नावं, त्यातली काही कंसात, शेजारी क्षेत्र कधी आहे तर कधी नाही. लांब नाव दुसऱ्या ओळीवर गेलं, की ते त्याच माणसाचं राहिलेलं आडनाव आहे की दुसरा माणूस, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. डेटाबेसमध्ये ओळी वेगळ्या असतीलही, कागदावर नव्हत्या.

पुढे ई-फेरफार आलं. टाइप केलेला डेटा आणि हस्तलिखित कागद जुळवून बघायची मोठी मोहीम झाली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, म्हणजे सातबारे लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या. युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंगचा याहून मोठा प्रकार माझ्या तरी माहितीत नाही. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरा, घरी प्रिंट काढा.

आणि २०२० मध्ये ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. सप्टेंबर २०२० मध्ये शासनानं सातबाऱ्याचा छापील नमुना बदलायला मंजुरी दिली. बरेच बदल होते. बातम्यांमध्ये मथळा झाला तो राजमुद्रेच्या वॉटरमार्कचा. पण यादी शांतपणे वाचली तर बहुतेक बदल आपल्या लेटेकवाल्यांच्या ओळखीचे निघतात.

एक: कोणत्याही दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेष. बस, एवढंच. शंभरहून अधिक वर्षांनी त्या मोकळ्या चौकोनाला ओळी मिळाल्या. आणि रेष पूर्ण रुंदीची नाही, तुटक आणि नावांपुरती. हे मला फार आवडलं. कारण पूर्ण रेष मारली असती, तर जमिनीचे तुकडे वेगळे झाले असा अर्थ निघाला असता. इथे जमीन एकच आहे, माणसं वेगळी आहेत. 'एचलाइन' नव्हे, 'सीलाइन'!

दोन: खाते क्रमांक. तो आधी इतर हक्कांच्या रकान्यात कुठेतरी असायचा. आता खातेदाराच्या नावासमोर. म्हणजे ओळीची ओळख ओळीतच आली.

तीन: मयत खातेदार, फिटलेले कर्जबोजे, ई-कराराच्या जुन्या नोंदी. या आधी कंसात दाखवत. आता त्यांच्यावर आडवी रेष मारून खोडलेल्या दाखवतात. हा बदल छोटा नाही. आपल्याकडे कंसाचे अर्थ हजार. 'उर्फ' कंसात येतं, खुलासा कंसात येतो. पण खोडलेलं म्हणजे खोडलेलं, ते न वाचता येणाऱ्यालाही कळतं.

चार: एकक. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात ०.४०.४७ असं. म्हणजे शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. साधारण एक एकर. दोन टिंबांचा हा आकडा शाळेतल्या कुठल्याच गणितात बसत नाही. नव्या नमुन्यात शेतीसाठी 'हेक्टर, आर, चौरस मीटर' आणि बिगरशेतीसाठी 'आर, चौरस मीटर' असं स्पष्ट छापलं जातं. शिवाय शेवटच्या फेरफाराचा नंबर आणि तारीख, आणि प्रलंबित फेरफार असेल तर तो वेगळा. म्हणजे हे टेबल कधीपर्यंतचं आहे हेही टेबलावरच.

यातलं एकही काम अवघड नाही. कुठल्याही ज्युनिअर डेव्हलपरला दोन दिवसांत जमेल. मग शंभर वर्षं का लागली? मला वाटतं, कारण ओळींकडे आपण सजावट म्हणून बघतो. डेटा महत्त्वाचा, रेष काय, नंतर मारू. आणि ज्यांना त्या रेषेची गरज असते, त्यांना फॉर्म कोण ठरवतं हेच माहीत नसतं.

गरज कोणाला असते हे आमच्या तालुक्यानं नुकतंच बघितलं. समृद्धी महामार्ग, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. भरवीर ते इगतपुरीचा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. इगतपुरीच्या डोंगरातून जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा याच टप्प्यात आहे. या रस्त्यासाठी जमिनी थेट खरेदीनं घेतल्या गेल्या. आणि अशा खरेदीत पहिला कागद कोणता? सातबारा. ज्यांची नावं चालू ओळीत, त्यांच्या सह्या, त्यांचे पैसे. पिढ्यानपिढ्या 'बघू नंतर' म्हणून राहिलेली नावं, न लागलेले वारस, न फोडलेले हिस्से, सगळे अशा वेळी एकदम टेबलावर येतात. अक्षरशः टेबलावर.

यात बायकांची ओळ हा वेगळाच विषय आहे. मुलींची नावं भोगवटादाराच्या रकान्यात न लावता शेजारच्या 'इतर हक्क' रकान्यात घालायची रीत अनेक गावांत होती. नाव आहे ना कागदावर, मग झालं! पण रकाना बदलला की अर्थ बदलतो. एका अँपरसँडचं अंतर, आणि मालकीण हक्कदार होऊन बसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तो घरातल्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून, आणि १९९२ मध्ये शासनानं पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो जन्मतःच आहे असं स्पष्ट केलं. कायदा झाला. ओळ मात्र अजूनही कोणीतरी अर्ज करून, फेरफार घालून, पंधरा दिवसांच्या नोटिशीची वाट बघून, मंडळ अधिकाऱ्याच्या सहीनंच मिळते.

एक सांगायलाच हवं. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढंच. महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. पण 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांत दिवाणी कोर्टाची वीस वर्षं मावतात. म्हणून गरिबाला कायद्यापेक्षा कागदावरची ओळ मोठी असते. उगाच का 'सातबारा कोरा करा' ही शेतकऱ्यांची घोषणा झाली! त्यांना कर्जाची ओळ कागदावरून गेलेली बघायची असते.

२०२१ पासून नमुना बारा तर शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणीतून भरतात. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. नावच किती बोलकं आहे बघा. तलाठ्याचंही २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. टेबल बदलतंय, पण हळूहळू.

तर मंडळी, या शनिवारी एक काम करा. गावी जमीन असेल, आणि पुण्या-मुंबईत बसून आपण 'ते काका बघतात' म्हणत असू, तर पंधरा रुपये भरा आणि डिजिटल सातबारा काढा. आईचं, आत्याचं, बहिणीचं नाव कोणत्या रकान्यात आहे ते बघा. शेवटचा फेरफार कधीचा आहे ते बघा. दोन नावांमधली तुटक रेष शोधा, आणि तिच्या वर-खाली कोण आहे, कोण राहिलंय, ते मोजा. राहिलेलं नाव आत आणायला अर्ज लागतो, आणि जे मोठे लोक सगळं तोंडपाठ सांगू शकतात, ते असेपर्यंतच तो सोपा असतो.